समुद्र गमावलेले नगर : ब्रुज येथील एक दिवस

विद्यार्थिमित्रहो, आषाढात कादवेला पूर आला म्हणजे तिच्या पाण्याची एक बरणी भरून आणावी व ती वर्गाच्या खिडकीत ठेवावी, असा आमच्या भूगोलाच्या तासाचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. पहिल्या दिवशी त्या पाण्याचा रंग चहासारखा असतो. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी निवळू लागते, आणि तिसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी मऊ काळ्या मातीचा थर स्पष्ट दिसतो. हा थर आला कोठून, असे आम्ही विचारतो. कोणी म्हणतो, नदीतून. कोणी म्हणतो, डोंगरावरून. "आमच्या शेतातून," असे म्हणणारा विद्यार्थी एखाद्याच वर्षी निघतो. गतवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेपासून हजारो मैलांवरील एका युरोपीय नगरीत हिंडत असता या बरणीची आम्हास वारंवार आठवण झाली. ती का झाली, हे सांगण्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त इंग्लंडात असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्यासमवेत साउथॅम्प्टन बंदरातून निघून उत्तर समुद्राच्या काठची काही बंदरे पाहिली. जहाज रात्री चालावयाचे व दिवसा एखाद्या बंदरात मुक्काम करावयाचे, असा या प्रवासाचा क्रम असतो. एके दिवशी सकाळी आम्ही बेल्जियम देशाच्या किनाऱ्यावर झेब्रुगे येथे लागलो. धक्क्यावर नव्याकोऱ्या मोटारगाड्यांच्या अशा रांगा उभ्या होत्या की त्यांचा शेवट दिसेना, आणि त्यांच्या पलीकडे वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्या संथपणे फिरत होत्या. 'झेब्रुगे' या शब्दाचा अर्थ 'समुद्रावरील ब्रुगे' असा आहे. ज्या नगरास आपण इंग्रजी पुस्तकांवरून ब्रुज म्हणतो, त्यास तेथील लोक ब्रुगे म्हणतात. परंतु ते नगर आहे कोठे? ते तर किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटर आत आहे! मध्ययुगातील युरोपच्या अत्यंत संपन्न बंदरांपैकी एक म्हणून ज्याचे नाव इतिहासात आहे, त्या नगरास मोटारीत बसून जावे लागावे, याचे आम्हास मोठे नवल वाटले.

ब्रुज ही पश्चिम फ्लँडर्स प्रांताची राजधानी होय. लोकवस्ती सुमारे एक लाख वीस हजार असून त्यांपैकी कालव्यांनी वेढलेल्या जुन्या गावात सुमारे वीस हजारच लोक राहतात. प्रथम आम्ही नावेत बसलो. तेथील लोक आपल्या कालव्यांना 'रेयेन' म्हणतात. नाव अर्धा तास संथ, हिरवट पाण्यावरून चालली होती. दोन्ही बाजूंस विटांची घरे थेट पाण्यातून वर आलेली, त्यांचे दर्शनी माथे जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेलेले, भिंतींवर वेली, आणि काठावर पांढरेशुभ्र राजहंस. कित्येक पूल इतके ठेंगणे की त्यांखालून जाताना सर्वांनी माना लववाव्या. आमच्या पुढील बाकावर एक आठदहा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने एकाएकी नावाड्यास विचारले, "समुद्र कोठे आहे?" नावाड्याने वल्ह्यासारखा हात उत्तरेकडे लांबविला आणि तो हसून म्हणाला, "तो पाचशे वर्षांपूर्वीच गेला." त्या दिवशी आम्ही जे जे पाहिले, ते या एका उत्तराचे स्पष्टीकरणच होते.

हा समुद्र नगराजवळ आला कसा, ते आधी पाहू. सन ११३४ मध्ये या किनाऱ्यावर एक भयंकर तुफान झाले. त्या तुफानाने किनारा फोडून एक रुंद खाडी आत घुसविली. तिचे नाव झ्विन. ब्रुजच्या नागरिकांनी संकटातून लाभ करून घेतला. खाडीच्या टोकापासून आपल्या गावापर्यंत कालवा नेला, आणि त्या वाटेवर डामे व स्लुइस ही उपबंदरे उदयास आली. मोठी जहाजे तेथे थांबत व माल लहान नावांतून गावात येई. इंग्लंडची लोकर येथे येऊन तिचे उंची कापड होई. सन १२७७ मध्ये जिनोआची जहाजे भूमध्य समुद्रातून येथवर आली, व पुढे व्हेनिसचीही येऊ लागली. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मसाल्याच्या जिनसांत आपल्या मलबारची मिरीही असे. म्हणजे जी वाट आम्ही विमानाने व जहाजाने आक्रमिली, ती मिरीच्या दाण्याने आमच्या आधी सातशे वर्षे आक्रमिली होती.

या व्यापाऱ्यांची एक खूण आजही अनेक भाषांत शिल्लक आहे. ब्रुजमध्ये व्हान डेर ब्युर्स नावाच्या कुटुंबाची एक उतारशाळा होती. तिच्यासमोरील चौकात देशोदेशींचे व्यापारी जमत, भाव ठरवीत व हुंड्यांचे व्यवहार करीत. या कुटुंबाच्या नावावरूनच फ्रेंच भाषेतील 'बोर्स' हा शेअर बाजाराचा वाचक शब्द आला, असे मानतात. त्या चौकात उभे असता आम्हास आपल्या पिंपळगावच्या बाजार समितीचे आवार आठवले. टोमॅटोच्या हंगामात वाहनांची लागणारी रांग, कांद्याच्या ढिगाभोवती जमलेले व्यापारी, लिलावाचा पुकारा, आणि भावाकडे कान लावून उभा असलेला शेतकरी, हे चित्र तुम्हांपैकी कोणास परके आहे? ब्रुज हे मूळचे आपल्यासारखेच पेठेचे गाव. पेठेचे गाव म्हटले की त्याचे जीवित एका वाटेवर अवलंबून असते. आपली वाट मुंबई-आग्रा महामार्ग होय. निफाड तालुक्याची द्राक्षे त्या वाटेने मुंबईजवळील न्हावाशेवा बंदरास जातात व जहाजात बसून नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे उतरतात. ब्रुजची वाट झ्विन होती.

बाजारचौकात एक घंटाघर आहे. त्याची उंची ८३ मीटर, पायऱ्या ३६६, आणि घंटा ४७. आम्ही पायऱ्या मोजीत वर चढलो. शेवटचा जिना इतका अरुंद आहे की उतरणाऱ्यास भिंतीशी चिकटून उभे राहावे लागते. वरून चहूकडे सपाट हिरवा मुलूख दिसतो. टेकडी म्हणून कोठे नाही. याच सपाट मुलखात ब्रुजच्या उत्कर्षाची व ऱ्हासाची दोन्ही कारणे पसरलेली आहेत.

आता बरणी आठवा. हलते पाणी माती धरून ठेवते. थांबलेले पाणी ती खाली सोडते. झ्विनमध्ये रोज दोन वेळा भरती येई. भरतीचे पाणी आजूबाजूच्या दलदलीत पसरे आणि ओहोटीच्या वेळी ते सर्व पाणी जोराने बाहेर पडताना खाडीचा तळ खरवडून गाळ समुद्रात नेई. अशा रीतीने निसर्गच खाडी झाडून काढीत असे. परंतु ती दलदल फार सुपीक होती. काठच्या लोकांनी तिच्यावर बांध घालून समुद्राचे पाणी अडविले व आत शेते केली. एकाने एक तुकडा मिळविला, दुसऱ्याने दुसरा. प्रत्येक तुकड्यास चांगले पीक आले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मात्र दरेक बांधाबरोबर भरतीस पसरण्याची जागा कमी झाली, आत येणारे पाणी कमी झाले, ओहोटीचा जोर उतरला, आणि गाळ जागच्या जागी बसू लागला. पुढेपुढे खाडी इतकी उथळ झाली की मोठ्या जहाजांना आत येणे कठीण झाले.

त्यात राजकीय संकटाची भर पडली. सन १४८८ मध्ये नागरिकांनी, जो पुढे सम्राट झाला त्या मॅक्सिमिलियन यास, आपल्या गावातच कोंडून ठेवले. सुटका झाल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडून अँटवर्प येथे जाण्यास फर्माविले. व्यापाऱ्यांना तरी उथळ खाडीत काय राहिले होते? ते गेले व परत आले नाहीत. एक गोष्ट आमच्या मनास फार लागली. ज्या घंटाघरावर आम्ही उभे होतो, त्याचा सर्वांत वरचा अष्टकोनी मजला १४८३ ते १४८७ या काळात चढविलेला आहे. खाली खाडी भरून येत होती, आणि वर नगर आपला मनोरा उंच करीत होते!

ही गोष्ट केवळ परदेशची आहे असे समजू नका. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्याचे, आणि अनेक नद्यांवर फुकट तरींची सोय केल्याचे त्यात नमूद आहे. यांपैकी गोवर्धन हे आपल्या नाशिकजवळचे, आणि शूर्पारक म्हणजे कोकणातील सोपारा. येथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, व १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. एके काळी देशोदेशीची गलबते ज्या बंदरात येत, त्याचे नाव आज आपण नालासोपारा या आगगाडीच्या स्थानकावर वाचतो.

दुपारी आम्ही खाली उतरून त्या नगरातील परोपकाराच्या व भक्तीच्या वास्तू पाहिल्या. संत योहानाचे रुग्णालय बाराव्या शतकातले. यात्रेकरू, वाटसरू व आजारी यांची शुश्रूषा येथे शतकानुशतके होत आली. आता तेथे संग्रहालय आहे. त्यात हान्स मेमलिंग या थोर चित्रकाराने त्याच रुग्णालयासाठी काढलेली चित्रे ठेविली आहेत. जी चित्रे पाहण्यास आज दूरदेशीचे रसिक येतात, ती मुळात रोगी व त्यांच्या शुश्रूषकांच्या सहवासात होती, हे ऐकून आम्ही त्या दालनात जरा अधिक वेळ थांबलो.

समोरच पवित्र मरियेचे देवालय आहे. त्याचा विटांचा मनोरा सुमारे ११५ मीटर उंच आहे. आत मायकेल अँजेलोने घडविलेली माता व बालक यांची संगमरवरी मूर्ती आहे. ब्रुजच्या एका कापडव्यापारी घराण्याने ती सोळाव्या शतकाच्या आरंभी विकत घेतली. बाळ येशू आईच्या गुडघ्यांमध्ये उभा आहे. एक पाऊल पुढे टाकून तो जणू जगात उतरू पाहत आहे, आणि आईने त्याचा हात सैलसर धरला आहे. ही मूर्ती दोनदा पळविली गेली. १७९४ मध्ये फ्रेंचांनी ती पॅरिसला नेली. नेपोलियनच्या पाडावानंतर ती परत आली. १९४४ मध्ये जर्मन सैनिकांनी ती गाद्यांत गुंडाळून नेली; पुढील वर्षी ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत ती सापडली व आपल्या जागी परत आली.

तेथून थोड्या अंतरावर, १२४५ साली स्थापन झालेली बेगीन स्त्रियांची वसाहत आहे. मधोमध उंच वृक्षांचे हिरवे अंगण व भोवती पांढऱ्या भिंतींची घरे. या स्त्रिया प्रार्थनेत व सेवेत आयुष्य घालवीत, स्वतःच्या श्रमावर पोट भरीत, आणि त्यांस आजन्म व्रताचे बंधन नसे. कोणास संसार करावासा वाटल्यास ती जाऊ शके. निराधार स्त्रीने मानाने कोठे राहावे, हा प्रश्न त्या काळीही होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन व पुढे केडगाव येथे मुक्तिमिशन काढले, तेही याच प्रश्नाच्या उत्तरादाखल होय. १९२७ पासून या वसाहतीत बेनेडिक्टाइन पंथाच्या भगिनी राहतात. आत बोलू नये अशी पाटी आहे, आणि आश्चर्य असे की पर्यटकही ती पाळतात.

विद्येच्या इतिहासातही या नगराचे नाव आहे. इंग्रजी भाषेतील पहिले छापील पुस्तक लंडनमध्ये छापलेले नाही. विल्यम कॅक्स्टन याने ते १४७३-७४ च्या सुमारास ब्रुज येथे छापले, असे मानतात. आणि तुम्ही गणितात जे दशांश अपूर्णांक शिकता, त्यांचा युरोपात प्रसार करणारा सिमोन स्टेव्हिन १५४८ साली येथेच जन्मला. शून्य व स्थानमूल्य यांची देणगी भारतातून निघून अरबांच्या मार्फत युरोपास पोहोचली होती. स्टेव्हिनने १५८५ साली एक लहानसे पुस्तक लिहून, पूर्णांकांचीच रीत अपूर्णांकांस कशी लावावी हे व्यापाऱ्यांना व जमीन मोजणाऱ्यांना समजाविले. ते त्याने विद्वानांच्या लॅटिनमध्ये लिहिले नाही, आपल्या मातृभाषेत लिहिले. ज्या वर्षी तो जन्मला, त्या वेळी नगराचा व्यापार बहुतेक ओसरला होता, हे ध्यानात धरा.

व्यापार गेल्यावर दारिद्र्य आले. एकोणिसाव्या शतकात ब्रुजमधील असंख्य स्त्रिया लेस विणून कसाबसा चरितार्थ चालवीत. जुनी घरे पाडून नवी बांधण्यास पैसा नव्हता, म्हणून जुनी तशीच उभी राहिली. १८९२ साली निघालेल्या एका फ्रेंच कादंबरीच्या नावातच या गावास 'मृत' म्हटलेले आहे. अखेर त्या दारिद्र्यात टिकलेली घरेच गावाची दौलत ठरली. २००० साली युनेस्कोने जुन्या ब्रुजची गणना जागतिक वारशात केली. समुद्राची ओढ मात्र नागरिक विसरले नव्हते. त्यांनी झेब्रुगे येथे नवे बंदर बांधून गावापर्यंत नवा कालवा खणला, व १९०७ साली राजे दुसरे लिओपोल्ड यांच्या हस्ते बंदराचे उद्घाटन झाले. हे बंदर २०२२ साली अँटवर्पच्या बंदराशी एक झाले. ज्याने पेठ नेली, त्याच्याशीच पाच शतकांनी भागीदारी झाली!

सायंकाळी चौकात बसलो असता आमच्या मनात एक विचार आला, तो लपवीत नाही. त्या दिवशी आमच्या जहाजातून व इतर वाहनांतून आलेल्या लोकांनी ते लहानसे गाव गच्च भरले होते. आम्ही पाच वाजता जाणार, रात्री तेथे राहणार नाही, कोणाशी ओळख करून घेणार नाही. आम्ही पर्यटकही एक प्रकारचे गाळाचे कणच. एकटा कण निरुपद्रवी, परंतु थर बसला की वाट बुजते. म्हणूनच २०१९ साली नगराच्या कारभाऱ्यांनी प्रवासी जहाजांच्या संख्येस मर्यादा घालण्याचे ठरविले. आम्ही पाहुणे असूनही आम्हास तो निर्णय योग्य वाटला.

परतीच्या वाटेवर झ्विन पाहावयास आम्हास वेळ उरला नाही. परंतु त्याची कथा सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होत नाही. त्या खाडीचा जो भाग शिल्लक आहे, तेथे आज पक्ष्यांचे अभयस्थान आहे. १९८६ साली रामसर कराराखालील जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. तोही गाळाने भरत चालला, तेव्हा तेथील लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. बांध मागे सरकवून २०१९ साली सुमारे १२० हेक्टर जमीन त्यांनी भरतीस मोकळी करून दिली. पूर्वजांनी तुकड्यातुकड्याने जे घेतले, त्यातील थोडे वंशजांनी जाणूनबुजून परत केले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याच निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूरमध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी कित्येक कोसांवरील शेते भिजविली. परंतु दर पावसाळ्यात नद्यांनी आणलेली माती तेथे थांबली, जलाशय उथळ झाला, त्यात बेटे व पाणवनस्पती वाढल्या. देशोदेशीचे पक्षी तेथे उतरू लागले. १९८६ सालीच त्यास अभयारण्य घोषित केले, आणि २०२० च्या आरंभी रामसर यादीतील महाराष्ट्राची पहिली जागा म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. पक्षी आले ही परमेश्वराची कृपा खरी. पण जी जागा मातीने व्यापली, ती पाण्याची होती, आणि ती माती वरच्या अंगाच्या शेतांची, म्हणजे तुमच्याआमच्या शेतांची होती, हेही तितकेच खरे.

पालकांस आमची नम्र विनंती एवढीच की, ओढ्याचे पात्र दाबून दोन वाफे वाढविताना, किंवा उताराचा बांध मोडून नांगर सरळ चालविताना, झ्विनच्या काठच्या त्या शेतकऱ्यांची आठवण ठेवावी. त्यांच्यापैकी एकाही माणसाने नगर बुडविले नाही. सर्वांनी मिळून बुडविले. आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यात तुम्ही पुढील तीन गोष्टी करून पाहा. पहिली, आपल्या शेताजवळील ओढ्याचे पाणी बरणीत भरा व तीन दिवसांनी तळाचा थर पट्टीने मोजा. दुसरी, गवत वाढलेल्या बांधाखालचे पाणी व उघड्या नांगरटीखालचे पाणी अशा दोन बरण्या शेजारी ठेवून थरांची तुलना करा. तिसरी, घरातील वृद्धांस विचारा की त्यांच्या लहानपणी तो ओढा किती रुंद होता, आणि आज तो किती आहे ते दोरीने मोजा. बरण्या व मापे घेऊन वर्गात या. फळ्यावर सर्वांची मापे शेजारीशेजारी लिहू. मग तो थर कोठून आला, हे आम्हास विचारावे लागणार नाही.